दहा मिनिटांत बरे झालेले बाबा आणि नसा मोजणारं यंत्र

सकाळी बाबांच्या उजव्या हातातून कप सुटला. काय झालं म्हणून विचारलं तर जीभ जड, शब्द घोळलेले, तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला. आमची धावपळ सुरू होईपर्यंत, दहाएक मिनिटांत, सगळं पुन्हा जागेवर. "अरे, रात्री झोप झाली नव्हती," म्हणाले. आम्हाला तेच ऐकायचं होतं.

डॉक्टर याला टीआयए म्हणतात. मेंदूकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडतं आणि आपोआप मोकळं होतं. लोक 'छोटा झटका' म्हणतात, आणि छोटा म्हटलं की घाई संपते. पण पुढचा मोठा झटका येण्याची भीती सगळ्यात जास्त असते ती पहिल्या ४८ तासांतच.

ते तास आम्ही ओळखीतून कळलेल्या एका माणसाच्या नादी घालवले. पांढरा कोट, भिंतीवर प्रमाणपत्रं. त्याने बाबांच्या मुठीत वायर जोडलेली धातूची कांडी दिली आणि मिनिटभरात रंगीत रिपोर्ट काढला: मेंदूच्या नसा ७२ टक्के बंद. लिंगाच्या रकान्यात 'स्त्री' छापलं होतं! मी दाखवलं तर "टायपिंगची चूक" म्हणत त्याने ते पेनाने खोडलं, आणि मी मान डोलावली. मग नसा साफ करायचा तीन महिन्यांचा कोर्स, पैसे आगाऊ, पावती नाही. वर सल्ला, बीपीची गोळी बंद करा. "हॉस्पिटलात गेलात तर स्कॅन काढतील आणि त्यात काहीच दिसणार नाही." हे अर्धं खरं होतं, म्हणून तर गळी उतरलं. टीआयएनंतर सीटी स्कॅन बहुतेकदा नॉर्मलच येतो, पण त्याने धोका टळत नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे बाबांना उठताच येईना. उजवी बाजू लुळी.

हॉस्पिटलात पहिला प्रश्न आला, "शेवटचे धडधाकट कधी पाहिलेत?" रात्री दहाला. म्हणजे आठ तास होऊन गेलेले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते देता आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि ठोके अनियमित आहेत हे तिथेच ओळखलं. ईसीजीने ते पक्कं झालं. हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नव्हता, तिथे रक्त साचून गुठळी होत होती आणि ती मेंदूकडे जात होती. मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी केली तर त्या मोकळ्या. गरज होती ती गुठळी होऊ न देणाऱ्या गोळीची. कांडीवाल्याने बाबांच्या हातात कांडी दिली होती, पण नाडी काही पाहिली नाही.

आठवड्याने त्याला फोन केला. म्हणाला, "कोर्स अर्धवट सोडलात ना!"

तक्रार द्यायला गेलो तर आधी पावती मागितली. माझ्याकडे होता तो खोडाखोड केलेला रिपोर्ट, आणि त्यावर त्याचं नाव कुठेच नव्हतं.