शाळेतला इलेक्ट्रॉनिक्सचा व्होकेशनल कोर्स: पोरीने दोन वर्षं केला, आईचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार देतेय. एक का कापला ते खाली येईलच.

विषय निवडायची वेळ आली तेव्हा घरात तेच ते सुरू झालं, की असले कोर्स अभ्यासात ढ असलेल्यांसाठी असतात, हुशार पोरीला कशाला स्क्रू पिळायला बसवताय वगैरे. (फिनलंडने 1866 मधेच हातकाम शाळेत सक्तीचं केलं होतं, तिथली सगळी पोरं ढ होती का काय?) असं म्हणणाऱ्यांना एलईडीसाठी एक साधा रेझिस्टर (करंटला आवर घालणारा छोटा पार्ट) निवडायला सांगा. सप्लाय 5 व्होल्टचा, लाल एलईडी त्यातले साधारण 2 व्होल्ट खाते, उरले 3, रेझिस्टर 220 ओहमचा लावला तर करंट जातो 13-14 मिलीअँप, आणि अशी साधी एलईडी 20 पर्यंत झेपवते म्हणजे चालेल. हा ओहमचा नियम (करंट म्हणजे व्होल्ट भागिले ओहम) विज्ञानाच्या पुस्तकात पण आहेच की, फक्त पेपरात गणित चुकलं तर मार्क जातो आणि इथे एलईडी जाते.

कोर्सचा क्रम मला आवडला. सुरुवातीला सगळं टिंकरकॅडवर, म्हणजे ब्राउझरमधे फुकटात चालतं ते, तिथे रेझिस्टर न लावता एलईडी जोडली की तिच्यावर स्फोटाचं चिन्ह येतं आणि खर्च शून्य. मग ब्रेडबोर्ड (पार्ट नुसते भोकांत खोचून सर्किट जोडायची पाटी), मग आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, हा मुळात 2005 च्या सुमारास इटलीतल्या इव्रियामधे विद्यार्थ्यांसाठीच बनवला होता, त्यामुळे पोरांना जमतोच), आणि सगळ्यात शेवटी सोल्डरिंग, म्हणजे गरम आयर्नने धातूची तार वितळवून पार्ट बोर्डला जोडणं. सोल्डरिंगला मात्र पहिले काही दिवस रडारड. टिन-लेडची (कथील-शिशाची) तार 183 डिग्री सेल्सियसच्या आसपासच वितळायला लागते, आयर्न असतं 350 ला, म्हणून पोरं सरळ आयर्नच्या टोकावर तार वितळवून ती जॉइंटवर थापतात, आणि मग होतं ड्राय सोल्डर, वरून जोडलेलं दिसतं पण करंट कधी जातो कधी नाही. आधी पॅड (बोर्डवरचा तांब्याचा ठिपका) आणि पार्टचा पाय दोन्ही तापवायचे, मग तार आयर्नला नाही तर जॉइंटला लावायची, एवढंच. पण ही एवढीशी गोष्ट सरांनी प्रत्येकाच्या शेजारी उभं राहून करून घेतली.

आता कोर्समधली सगळ्यात भारी गोष्ट, जिच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले. फॉल्ट शोधायची प्रॅक्टिकल. सर आधीच चालू सर्किटमधे काड्या करून ठेवतात, कुठे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) उलटा, कुठे पीसीबीचा, म्हणजे पार्ट बसवायच्या बोर्डचा, तांब्याचा ट्रॅक ब्लेडने बारीक कापलेला, कुठे 220 ओहमच्या जागी 22 के म्हणजे 22 हजार ओहम, आणि बोर्ड हातात देऊन फक्त म्हणतात "चालत नाहीये, बघ". पार्ट अंदाजाने बदलत बसायला बंदी. आधी नुसतं डोळ्याने बघायचं, मग सप्लाय येतोय का मोजायचा, मग सर्किटच्या बरोब्बर मधे रीडिंग घ्यायचं म्हणजे बिघाड अलीकडच्या अर्ध्यात की पलीकडच्या ते कळतं, मग उरलेल्याचे परत दोन भाग. प्रत्येक रीडिंग लिहायचं आणि त्यावरून काय वाटलं ते पण लिहायचं, आणि फॉल्ट नाही सापडला तरी विचार बरोबर असेल तर बरेच मार्क मिळतात! मल्टिमीटरवरचा कंटिन्युइटीचा बीप (वायर कुठे तुटलेली नाही ना ते सांगणारा) सप्लाय बंद करूनच बघायचा, आणि मीटर करंटच्या रेंजवर असताना सरळ सप्लायला लावायचा नाही कारण आतला फ्यूज उडतो, हे तर पोरं झोपेत पण सांगतील कारण फ्यूज भरपूर उडालेत तिथे. आता घरात काही बंद पडलं की पोरगी आधी विचारते की नक्की काय होत नाहीये, "खराब झालंय" एवढ्याने तिचं भागत नाही.

आता कापलेला स्टार. पहिलं म्हणजे जर्नल. त्याच त्या आकृत्या पट्टीने आखून परत परत उतरवायच्या, त्याला मार्क इतके की काही पोरांनी हात न लावता नुसती फाइल सजवून बाजी मारली, हे मला अजिबात पटलेलं नाही. दुसरं, पूर्ण बॅचला ऑसिलोस्कोप (व्होल्टेज कसं बदलतंय त्याचा आलेख दाखवणारं यंत्र) एकच, म्हणजे एक जण बटणं फिरवणार आणि बाकीचे माना लांब करून बघणार. सोल्डरिंगच्या टेबलाला धूर ओढणारा पंखा नव्हता, तो धूर मुख्यतः फ्लक्सचा (जॉइंट नीट बसावा म्हणून तारेत घातलेल्या रसायनाचा) असतो आणि दमा असलेल्या पोराला त्रास होऊ शकतो, तेव्हा हे शाळेने आधी करायला हवं होतं. हात मात्र प्रत्येक वेळी धुवायला लावायचे, लेडमुळे, ते चांगलं. आणि बाहेर सगळं एसएमडी (बोर्डच्या वरच सोल्डर करायचे बारीक पार्ट) झालंय तरी शिकवतात ते लांब पायांचे पार्टच. सुरुवातीला ठीक आहे हो, पण दुसऱ्या वर्षी तरी थोडं दाखवायचं.

इंडस्ट्री व्हिजिटबद्दल न बोललेलंच बरं.

तुमच्या शाळेत असा कोर्स असेल तर माहितीपत्रक बघून ॲडमिशन घेऊ नका, चालू तासाला वर्कशॉप बघायला मागा. टेबलावर चटक्यांचे डाग असतील, मीटरच्या वायरी मळलेल्या असतील तर चांगलं लक्षण, सगळं कपाटात कुलूप लावून चकाचक असेल तर समजून जा. एका टेबलाला किती पोरं ते मोजा. आणि हा कोर्स पुढच्या ॲडमिशनला धरतात का ते जिथे जायचंय त्या कॉलेजलाच विचारा, शाळावाले हो हो म्हणतात, ते लेखी मागा.