चाचण्या कुठे चालवायच्या, निकाल कुणी सांगायचा: ऑफिसातलं मशीन, जेन्किन्स की गिटहब ॲक्शन्स

जूनमधली रात्र होती. पर्वरीला पावसाने झोडपून काढलं होतं आणि दीडच्या सुमारास लाईट गेली. आमच्या ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या मशीनवर रोज रात्री दोनला हॉटेल बुकिंग सॉफ्टवेअर नीट चालतं का ते आपोआप तपासणाऱ्या २१२ चाचण्या चालायच्या. त्या रात्री एकही चालली नाही. पहाटे लाईट आली, मशीन आपोआप सुरू झालं आणि सकाळी आठला नेहमीचा मेल आला: २१२ पास, ० फेल. मेल पाठवणारी स्क्रिप्ट फोल्डरमधला शेवटचा रिपोर्ट उचलायची, आणि तो आदल्या रात्रीचा होता. दुपारी आम्ही नवी आवृत्ती सोडली. संध्याकाळी कळंगुटच्या बाजूच्या एका गेस्ट हाउसच्या मालकांचा फोन आला: “बाय, एका जादा गादीचे पैसे दोनदा कसे लागले?” ही चूक पकडणारी चाचणी आमच्याकडे होती. ती चाललीच नव्हती.

ती मांडणी माझीच होती. तेव्हापासून कुठलंही साधन पाहताना मी आधी एवढंच विचारते: चाचण्या चालल्याच नाहीत, तर हे कुणाला सांगेल? वेग, किंमत, रिपोर्टचं रूप हे सगळं त्यानंतर. पणजी, म्हापसा, मडगाव इथल्या चार-सहा माणसांच्या टीमपुढे सहसा तीन पर्याय असतात: ऑफिसातल्या मशीनवर क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारी लिनक्सची सोय), स्वतःचा जेन्किन्स (चाचण्या चालवून निकाल सांगणारा सर्व्हर), किंवा कोड ठेवण्याच्या गिटहब या साइटच्या ॲक्शन्ससारखी भाड्याची सोय. तिन्ही मी वापरले आहेत. त्यांची तुलना याच प्रश्नापासून सुरू करते.

ऑफिसातलं मशीन आणि क्रॉन

खर्च जवळजवळ शून्य. जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स, क्रॉनमध्ये एक ओळ, झालं काम. शिवाय हॉटेलच्या सॉफ्टवेअरला थर्मल प्रिंटर आणि पासपोर्ट स्कॅनर लागतात. ते टेबलावर असतात, भाड्याच्या मशीनला जोडता येत नाहीत. त्यामुळे थोड्या चाचण्या ऑफिसातच चालवाव्या लागतील हे धरून चाला.

पण क्रॉनला स्मरण नाही. दोन वाजता मशीन बंद असेल तर ती वेळ गेली ती गेली. यावर उपाय आहेत. लिनक्सच्याच सिस्टमडी या व्यवस्थेच्या टायमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ चालू ठेवलं तर मशीन सुरू झाल्यावर चुकलेलं काम केलं जातं. ॲनाक्रॉनही हेच करतो. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्येही चुकलेलं काम शक्य तितक्या लवकर चालवण्याची खूण करता येते. इतकं असूनही जुन्या रिपोर्टचा धोका राहतो. तो टाळायला दोन गोष्टी करा: रन सुरू होण्याआधी रिपोर्टचा फोल्डर रिकामा करा, आणि मेलमध्ये ‘अपेक्षित किती, चालल्या किती’ हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवा.

आणखी एक जागा नवख्याच्या लक्षात येत नाही: एक्झिट कोड. चाचणीची आज्ञा संपताना एक आकडा मागे ठेवते आणि पुढची सगळी यंत्रणा त्याच आकड्यावर विश्वास टाकते. पायथनच्या पायटेस्ट या चाचणी-साधनात ० म्हणजे सगळं पास, १ म्हणजे काही फेल, ५ म्हणजे एकही चाचणी सापडली नाही. रोबोट फ्रेमवर्क या दुसऱ्या साधनात तो आकडा म्हणजे फेल झालेल्या चाचण्यांची संख्या, २५० पर्यंत. आता आउटपुट पडद्यावरही दिसावं आणि फाइलमध्येही जावं म्हणून कुणी आज्ञेपुढे पाइप (एका आज्ञेचं आउटपुट दुसरीला देणारी खूण) आणि ‘टी’ ही आज्ञा लावतं. लिनक्समध्ये आज्ञा चालवणारा बॅश मग शेवटच्या आज्ञेचा, म्हणजे ‘टी’चा, एक्झिट कोड देतो, आणि तो ० असतो. दहा चाचण्या फेल, तरी खूण हिरवी. स्क्रिप्टच्या वरच्या ओळींत ‘पाइपफेल’ चालू करा, हा प्रश्न तिथेच संपतो.

जेन्किन्स

हडसन या प्रकल्पातून २०११ साली जेन्किन्स वेगळा झाला. तो जुना वाटतो, त्याचे पडदे आजच्या नजरेला ओबडधोबड दिसतात. तरी माझ्या प्रश्नाला त्याच्याइतकं चोख उत्तर कुणी दिलेलं नाही. चाचण्यांचे रिपोर्ट वाचणारा त्याचा जोड-भाग, जेयुनिट प्लगिन, रिपोर्टच्या फाइलची वेळ तपासतं. फाइल बिल्ड (जेन्किन्सचा एक पूर्ण रन) सुरू होण्याआधीची असेल तर ते रिपोर्ट सापडले पण त्यातला एकही नवा नाही, असं स्पष्ट सांगून बिल्ड पाडतं. रिपोर्ट मुळात सापडलाच नाही, तरीही बिल्ड पडतं. रिकामा निकाल चालवून घ्यायचा असेल तर तसं तुम्हाला मुद्दाम लिहावं लागतं. जूनमधल्या त्या सकाळी मेल पाठवण्याआधी अशी तपासणी झाली असती तर मेल लाल आला असता.

लाल आणि पिवळा यांतला फरकही त्याचा उपयोगी आहे. चाचण्या चालल्या आणि काही फेल झाल्या तर बिल्ड पिवळं, म्हणजे ‘अनस्टेबल’. यंत्रणाच कोसळली तर लाल. सकाळी आठला चहा घेताना हा फरक रंगावरून कळला की कोणाला हाक मारायची ते ठरतं: पिवळ्याला प्रोग्रामर, लालला मी.

किंमत मात्र आहे, पैशांची नव्हे, निगराणीची. जावाची आवृत्ती सांभाळा, प्लगिन अद्ययावत ठेवा, सुरक्षेच्या सूचना वाचा, बॅकअप घ्या. हे आठवड्यातून तासभर करणारं माणूस टीममध्ये नसेल तर जेन्किन्स घेऊ नका. आणि ऑफिसात ठेवलेला जेन्किन्स लाईट गेली की स्वतःच झोपतो. आपण झोपलो आहोत हे त्याला सांगता येत नाही. यूपीएसने वीस-पंचवीस मिनिटं निभावतात, पावसातली अख्खी रात्र नाही. म्हणून बाहेरचा पहारेकरी लागतो: ठरल्या वेळेपर्यंत आपल्याकडून निरोप आला नाही तर मेल करणारी सेवा. हेल्थचेक्स हे त्यातलं मुक्तस्रोत उदाहरण. रन संपला की स्क्रिप्टने त्या सेवेच्या एका वेब पत्त्याला हाक मारायची, बस्स. हाक आली नाही की मेल.

गिटहब ॲक्शन्स

तुमचा कोड आधीच गिटहबवर असेल तर हा सर्वांत सोपा रस्ता. पर्वरीत लाईट असो-नसो, चाचण्या दुसरीकडे चालतात. खाजगी कोडसाठी मोफत योजनेत महिन्याला २,००० मिनिटं मिळतात. हिशेब आधी करून ठेवा: रात्रीचा ४० मिनिटांचा रन महिनाभर म्हणजे १,२०० मिनिटं. त्यावर दिवसाला पाच वेळा दहा मिनिटांच्या छोट्या चाचण्या, २२ कामाचे दिवस, म्हणजे आणखी १,१००. गेलं मर्यादेबाहेर. प्रत्येक जॉबची मिनिटं वरच्या पूर्ण आकड्यापर्यंत मोजली जातात, त्यामुळे चाचण्यांचे पंचवीस छोटे तुकडे करून शहाणपण होत नाही.

माझ्या प्रश्नाला इथलं उत्तर अर्धवट आहे. तीन गोष्टी सांगते.

ठरल्या वेळेचा रन मुळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरून चालतो. आपले रात्रीचे दोन म्हणजे तिथले आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेआठ. याचा फटका वेळापत्रकापेक्षा चाचण्यांना जास्त बसतो. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत आपली तारीख आणि त्या मशीनची तारीख वेगळी असते. ‘आजचं चेक-इन’ ही चाचणी रात्री फेल होते, सकाळी दहाला हाताने चालवली की पास. आमच्या नव्या मुलाने दोन दिवस ती ‘उगाच फेल होते’ म्हणून बाजूला ठेवली होती. टाइमझोन आशिया-कोलकाता करा. ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या प्लेराइट या साधनात ब्राउझरचा टाइमझोन वेगळा देता येतो, पण तो फक्त ब्राउझरचा. स्क्रिप्ट ज्या मशीनवर धावते त्याचा वेगळा लावावा लागतो.

दुसरं, एक पायरी फेल झाली की पुढच्या पायऱ्या वगळल्या जातात. रिपोर्ट जपून ठेवण्याची पायरी चाचण्यांनंतर असते. म्हणजे चाचण्या फेल होतात नेमक्या त्याच दिवशी रिपोर्ट मिळत नाही. त्या पायरीला ‘काहीही झालं तरी चालव’ अशी अट घालावीच लागते. जपलेले रिपोर्ट मुळात ९० दिवस राहतात. ऑक्टोबरात सीझन सुरू होताना पावसाळ्याच्या सुरुवातीचा रिपोर्ट हवा असेल तर तो आधीच दुसरीकडे ठेवा.

तिसरी गोष्ट मला सर्वांत काळजीची वाटते. ठरल्या वेळेच्या रनची सूचना ज्याने त्या वेळेची ओळ शेवटची बदलली त्याला जाते. तो माणूस नोकरी सोडून बेंगळुरूला गेला की चाचण्या फेल झाल्या, किंवा चालायच्याच थांबल्या, तरी इथे कुणाला कळत नाही. शिवाय गर्दीच्या वेळी हे रन उशिरा लागतात, कधी वगळलेही जातात. यूटीसीच्या तासाच्या ठोक्यावर वेळ ठेवू नका, दोन वाजून सतरा मिनिटं अशी अडनिडी वेळ ठेवा. पहारेकरी सेवा इथेही लागतेच.

देवनागरी पावत्या छापणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. भाड्याच्या लिनक्स मशीनवर देवनागरी फॉन्ट असेलच असं नाही. स्क्रीनशॉटमध्ये मराठी-कोंकणी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात आणि चित्रांची तुलना करणारी चाचणी फेल होते. नोटो किंवा लोहित हा फॉन्ट बसवण्याची पायरी आधीच घाला.

स्क्रिप्ट कशात लिहायच्या

यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मला हा प्रश्न दुय्यम वाटतो, म्हणून थोडक्यात. ब्राउझर चालवणारं सेलेनियम २००४ पासूनचं. त्याच्या वेबड्रायव्हरला (ब्राउझरला हुकूम देण्याच्या पद्धतीला) २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची मान्यता मिळाली, बऱ्याच भाषा चालतात, आणि टीमला ते येत असेल तर बदलण्याचं कारण नाही. नव्याने सुरुवात असेल तर मी मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट घेईन. ते बटण दिसेपर्यंत स्वतः थांबतं, त्यामुळे ‘तीन सेकंद थांब’ अशा ओळी लिहाव्या लागत नाहीत. पहिल्यांदा फेल होऊन दुसऱ्यांदा पास झालेली चाचणी ते ‘फ्लेकी’ म्हणून वेगळी दाखवतं, पासच्या गर्दीत लपवत नाही. कुणी चुकून एकच चाचणी चालवण्याची खूण कोडमध्ये ठेवली तर रन थांबवण्याची सोयही त्यात आहे, ती चालू करा. सायप्रेस शिकायला गोड आहे, पण दुसऱ्या टॅबमध्ये उघडणाऱ्या पानांशी त्याचं जमत नाही, आणि पेमेंटच्या पानांशी आमची गाठ रोजची.

रोबोट फ्रेमवर्कची जागा वेगळी. त्यातल्या चाचणीचं नाव सरळ मराठीत लिहिता येतं. हॉटेलच्या खोलीवरच्या जीएसटीचं उदाहरण घ्या. २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेच्या दिवसापासून, दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर १२ ऐवजी ५ टक्के कर लागू झाला. त्यावरच्या खोलीला १८. आमची चाचणी ‘७५०० च्या खोलीवर ५ टक्के, ७५०१ वर १८’ अशी लिहिलेली आहे. हॉटेलचे हिशेबनीस काका रिपोर्टमध्ये ती ओळ वाचून होय-नाही सांगू शकतात, त्यांना कोड कळायची गरज नाही. शिवाय रोबोटच्या ब्राउझर लायब्ररीच्या आत प्लेराइटच आहे, म्हणजे एक घेतलं तर दुसरं सोडावं लागत नाही.

रिपोर्ट कुणासाठी

जेयुनिट एक्सएमएल हा यंत्रांनी वाचायचा रिपोर्ट. तिन्ही पर्यायांत तो काढाच. त्यात ‘फेल्युअर’ आणि ‘एरर’ वेगळे असतात: पहिल्यात उत्तर चुकलं, दुसऱ्यात चाचणी स्वतःच कोसळली, डेटाबेस जोडलाच गेला नाही वगैरे. दोन्ही मिळून एकच ‘फेल’ आकडा मेलमध्ये देऊ नका. माणसांसाठी प्लेराइटचा एचटीएमएल रिपोर्ट किंवा रोबोटचा लॉग पुरतो. ॲल्युअर हा वेगळा बसवायचा रिपोर्ट त्याहून देखणा आहे आणि मागच्या रनांचा आलेख दाखवतो, पण तो इतिहास जपून पुढच्या रनला देण्याचं काम तुम्हालाच करावं लागतं. दोनशे चाचण्यांना मला तो जड वाटला.

लहरी चाचण्यांबद्दल माझं मत कठोर आहे. रोज दोन-तीन उगाच फेल होणाऱ्या चाचण्या असल्या की महिन्याभरात कुणी मेल उघडत नाही, आणि मग खरी चूकही त्याच मेलमध्ये पडून राहते. अशी चाचणी त्याच दिवशी वेगळ्या गटात टाका, तिच्यापुढे एका माणसाचं नाव लिहा, चवथीच्या सुट्टीआधी ती दुरुस्त करा किंवा काढून टाका.

मी काय निवडेन

टीम तीन-चार जणांची, कोड गिटहबवर, सर्व्हर सांभाळायला वेगळं माणूस नाही: ॲक्शन्स आणि प्लेराइट, सूचना एकाच्या मेलवर न जाता टीमच्या सामायिक पत्त्यावर. आठ-दहा जण, त्यातला एक लिनक्समध्ये मुरलेला, आणि ग्राहक रिपोर्ट वाचणारे: जेन्किन्स आणि रोबोट, पण जेन्किन्स ऑफिसात न ठेवता भाड्याच्या सर्व्हरवर. प्रिंटर-स्कॅनरच्या चाचण्यांसाठी दोन्हींत ऑफिसातलं मशीन जोडता येतं. गिटहबचा रनर (त्या मशीनवर बसवायचा प्रोग्राम) स्वतः बाहेर संपर्क करतो, त्यासाठी राउटरमध्ये आत यायचा रस्ता उघडावा लागत नाही. नुसत्या क्रॉनवर राहायचं असेल तर पहारेकरी सेवेशिवाय राहू नका.

काहीही निवडलंत तरी पहिल्या आठवड्यात एक रात्र मुद्दाम चाचण्यांच्या मशीनची वायर काढा, किंवा वेळापत्रक बंद ठेवा, आणि टीमला न सांगता सकाळी काय येतं ते पाहा. आम्ही हे दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागण्याआधी करतो. यंदा आठ वाजून दहा मिनिटांनी सगळ्यांच्या फोनवर मेल वाजला: ‘अपेक्षित २४०, चालल्या ०.’