ओक ॲली की व्हिटनी : लुइझियानातील दोन ऊसमळे

न्यू ऑर्लिन्सहून मोटारीने साधारण तासाभरावर, मिसिसिपीच्या काठी, गुलामांच्या श्रमांवर उभे राहिलेले जे जुने ऊसमळे आज पाहता येतात, त्यांपैकी ओक ॲली आणि व्हिटनी येथे मार्गदर्शकासह एकदिवसीय सहली जातात.

ओक ॲलीचे आकर्षण म्हणजे २८ ओक वृक्षांची दुहेरी रांग आणि तिच्या टोकाशी १८३७ ते १८३९ या काळात बांधलेला स्तंभांचा वाडा. याच मळ्यावर आंत्वान नावाच्या गुलाम माळ्याने १८४०च्या दशकात पिकान या अक्रोडासारखे फळ देणाऱ्या वृक्षाची कलमे यशस्वीपणे बांधली. आजच्या पिकान बागायतीची ती सुरुवात मानली जाते, तरीही त्याचे आडनावसुद्धा नोंदले गेले नाही. गुलामांच्या खोल्या येथे पुन्हा उभारल्या आहेत. मात्र बहुतेकांचे लक्ष वाड्याकडेच जाते.

व्हिटनी २०१४ मध्ये खुले झाले, ते गुलामांच्या बाजूने इतिहास सांगण्यासाठीच. येथील भिंतींवर गुलामांची नावे कोरलेली आहेत, त्यांसोबत १९३०च्या दशकात वृद्ध माजी गुलामांकडून नोंदवून घेतलेल्या आठवणीही आहेत. मुक्त झालेल्या लोकांनी बांधलेल्या चर्चमध्ये गुलाम मुलांचे पुतळे आहेत, आणि १८११च्या गुलामांच्या उठावाचे स्मारक तर पाहणाऱ्याला खिळवून ठेवते.

एकच ठिकाण शक्य असेल, तर मी निःसंशय व्हिटनी सुचवेन, कारण ओक ॲलीचा वाडा कोणाच्या कष्टांवर उभा राहिला, हे तेथेच नीट उमगते. व्हिटनीचा बराच भाग उघड्यावर असल्याने उन्हाळ्यात टोपी व पाणी सोबत घ्यावे.