अडचणीच्या वर्षासाठी मराठी बायबल: कोणती प्रत घ्यावी, कुठे उघडावी

विदर्भातल्या खेड्यांत ख्रिस्ती घरी 'नवा करार आणि स्तोत्रसंहिता' ही खिशातली छोटी प्रत हमखास सापडते. दवाखान्यात उशाशी तीच, प्रवासात पिशवीत तीच. रोजच्या वाचनाला ती चांगली आहे. पण दुबार पेरणीही वाया गेली, घरात मोठं आजारपण आलं, सावकार दारात बसू लागला, की ती अपुरी पडते. ईयोब, विलापगीत आणि हबक्कूक ही पुस्तकं तिच्यात नसतातच. त्यामुळे घरात एक तरी पूर्ण, ६६ पुस्तकांचं बायबल हवंच. कॅथलिक आवृत्तीत ७३ पुस्तकं असतात, तीही चालेल.

भाषांतराचं म्हणाल तर स्तोत्रांसाठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाचतात ते जुन्या वळणाचंच घ्यावं. 'क्लेश', 'नीतिमान' असे शब्द पोरांना अडतात, पण मोठ्याने वाचताना जी लय लागते ती सोप्या भाषांतरांत कमी सापडते. ईयोबाला मात्र सोपं भाषांतर बरं. तिथे सगळं गमावलेला ईयोब आणि त्याचे मित्र यांच्यात वाद चाललेला आहे, कोण काय म्हणतंय हे कळलं नाही तर सगळं फुकट. मराठी बायबल मोबाइलवर मोफत मिळतं. तालुक्याला चांगली रेंज असेल तेव्हा ऑफलाइन उतरवून ठेवा, म्हणजे दोन्ही भाषांतरं हाताशी राहतात.

आता उघडायचं कुठे? बहुतेकांचा हात आपोआप २३व्या स्तोत्राकडे जातो: 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. पण मन कडू झालेलं असताना ते ओठांवरच राहतं. १३वं आधी घ्या. जेमतेम सहा वचनं, आणि पहिल्या दोनांतच 'किती दिवस?' हा सवाल देवाला चार वेळा केलेला आहे. दिवसातून एकदा, आवाज काढून, आठवडाभर वाचा. मग ८८वं. हे स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. आपल्या कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, देवाने काय केलं याची साक्ष द्यायला उभा राहतो तो ज्याचं संकट टळलं तोच. ज्याचं टळलं नाही तो मागे गप्प बसतो आणि आपलाच विश्वास कमी पडला असं धरून चालतो. त्या माणसासाठी ८८वं स्तोत्र पवित्र शास्त्रात आहे. देवापुढे खरं बोलायला शिकणं हीच आत्मिक वाढ, आणि ती संकट चालू असतानाच होते.

ईयोबाचे ४२ अध्याय सलग वाचायला घेतले तर वाचणारा दहाव्या-बाराव्या अध्यायाला थकतो. १ ते ३, मग १९ आणि २३, मग ३८ ते ४२ असं वाचा. मधल्या मित्रांच्या भाषणांतली वाक्यं ऐकायला गोड आहेत, म्हणून लोक ती समजूत घालायला वापरतात. इथे फार मोठी चूक होते. ४२:७ मध्ये, म्हणजे ४२व्या अध्यायाच्या सातव्या वचनात, देवच म्हणतो की हे मित्र माझ्याविषयी नीट बोलले नाहीत. त्यांचं बरोबर होतं ते एकच: सात दिवस, सात रात्री ते ईयोबाजवळ गप्प बसले होते.

रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली 'संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा' ही साखळी मयताच्या घरी पहिल्याच दिवशी ऐकवू नका. हे पत्र लिहिणारा पौल ती स्वतःला धरून, 'आम्ही' म्हणून लिहितो.

कास्तकाराच्या घरी सगळ्यात जवळचं पान हबक्कूक ३:१७-१८. अंजीर फुललं नाही, द्राक्षं नाहीत, जैतून बुडालं, शेत पिकलं नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठा रिकामा. सहा तोटे एकेक करून मोजलेत आणि मगच 'तरी' हा शब्द येतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशीची बोंडं आतून पोखरली, त्या वर्षीचा हिशेब असाच मांडता येतो. आपले तोटे वहीत तसेच एकाखाली एक लिहा. 'तरी' लिहायची घाई करू नका. त्या ओळीची जागा महिनाभर कोरी राहिली तरी राहू द्या.

जीव नकोसा झाला असेल तर '१ राजे' या पुस्तकाचा १९वा अध्याय वाचा, पण एकट्याने नाही. तिथे एलीया संदेष्टा झाडाखाली मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. घरातल्यांनीही आधी तेच करावं, फवारणीची औषधं कुलपात ठेवावीत आणि १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन लावावा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो. पाळकांना बोलवा, डॉक्टरांनाही दाखवा.

प्रत घेताना दुकानातच डोळ्यांपासून हातभर लांब धरून बघा. संध्याकाळच्या मिणमिणत्या उजेडात बारीक टाइप वाचवत नाही, म्हाताऱ्या माणसासाठी मोठ्या अक्षराचीच घ्या. पान पातळ असतं, पेनाची शाई मागे उमटते. खुणा पेन्सिलने करा आणि समासात तारीख टाका. पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात; चेनचं कव्हर कामी येतं, पण ओल आलेली प्रत त्यात बंद करू नका, आधी सावलीत उघडी ठेवून सुकवा.