ऑल व्हील ड्राइव्ह गाडी: नऊ महिने, चौदा हजार किलोमीटर

गाडी घेताना माझी समजूत अशी की ऑल व्हील ड्राइव्ह म्हणजे चारही चाकांना सदैव सारखा जोर. पहिल्याच पावसाळ्यात ही समजूत चिखलात रुतली, गाडीसकट.

माझ्या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं आहे आणि एरवी ती पुढच्याच चाकांवर पळते. गिअरबॉक्सपासून एक लांब शाफ्ट मागे जातो. तो जिथे मागच्या डिफरन्शियलला (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांच्या पेटीला) मिळतो तिथे अनेक चकत्यांचा एक क्लच बसवलाय. कॉम्प्युटर या चकत्या जितक्या घट्ट दाबेल तितका जोर मागे. सिग्नलवरून निघताना, चढावर किंवा पुढची चाकं घसरायला लागली की तो दाब वाढवतो. सपाट रस्त्यावर एका वेगात जाताना जवळजवळ सोडूनच देतो.

मीटरवर चार चाकांचं चित्र येतं, प्रत्येकापाशी भरणाऱ्या पट्ट्या. सुरुवातीचे दोन महिने मी रस्ता कमी आणि ते चित्रच जास्त पाहिलं. पण तो कॉम्प्युटरचा अंदाज आहे, चाकापाशी जोर मोजणारं काही या गाडीत नाही. क्लच पूर्ण घट्ट दाबला गेला म्हणजे पन्नास-पन्नास वाटणी झाली असंही नाही. तेव्हा पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतो, एवढंच ठरतं. कोणी किती ओढायचं ते जमीन ठरवते. पुढची चाकं शेवाळावर आणि मागची कोरड्या खडीवर असतील तर बहुतेक काम मागचीच करतात.

आता त्या चिखलाचं. खड्ड्यात उतरताना पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम अधांतरी झालं. साधा डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो, आणि हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतोच किती? तेवढाच नगण्य जोर जमिनीवरच्या चाकाच्या वाट्याला येतो. म्हणून चारही चाकांना ताकद असून गाडी जागची हलेना. मी घाबरून दर वेळी पाय उचलत होतो, आणि चूक नेमकी तिथे होती. अशा वेळी ट्रॅक्शन कंट्रोल हवेतल्या चाकाला ब्रेक लावतं, मग त्या ब्रेकशी झुंजायला लागणारा जोर पलीकडच्या, जमिनीवरच्या चाकालाही मिळतो. पण त्यासाठी चाक थोडं फिरावं लागतं. पाय स्थिर ठेवला, खालून कटकट आवाज आला आणि दोन-तीन सेकंदांत गाडी बाहेर. आवाज ऐकून वाटतं काहीतरी तुटलं. तुटत काही नाही.

भुसभुशीत वाळूत मात्र या यंत्रणेचा दम लवकर संपतो. चकत्या घासत राहिल्या की तापतात. दहाएक मिनिटांच्या झटापटीनंतर इशारा आला आणि गाडी थंड होईपर्यंत फक्त पुढच्या चाकांवर राहिली. मित्राच्या जुन्या फोर बाय फोरला असलं दुखणं नाही, तिथे ट्रान्सफर केस पुढचं-मागचं सरळ जखडून टाकते. पण तीच गाडी कोरड्या डांबरावर फोर बाय फोरमध्ये वळवली की अडखळते, कारण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि मध्ये तो फरक गिळणारं काही नाही. १९८० च्या पहिल्या ऑडी क्वाट्रोने ही अडचण मधल्या डिफरन्शियलने सोडवली होती. गरज पडली की तो हाताने लॉक करायचा.

सगळ्यात जास्त मनस्ताप टायरने दिला. सहाव्या महिन्यात पुढचे दोन खराब झाले, दुकानदार म्हणाला जोडी बदलली की पुरे. मागचे झिजलेले, रबराच्या जाडीत साधारण ४ मिमीचा फरक. म्हणजे परिघात सुमारे २५ मिमी, आणि दर किलोमीटरला मागच्या चाकांच्या पाच-सहा फेऱ्या जास्त. सरळ रस्त्यावरही कपलिंगला, म्हणजे त्या चकत्यांच्या क्लचला, वाटणार की कुठेतरी घसरतंय. तीनशे किलोमीटरमध्ये दोनदा इशाऱ्याचा दिवा लागला. शेवटी मागचेही दोन घेतले, दिवा पुन्हा लागला नाही.

ब्रेकच्या बाबतीत काही फायदा नाही, चार चाकांना ब्रेक सगळ्याच गाड्यांना असतात. उलट निघताना चाक घसरत नसल्याने रस्ता किती निसरडा आहे हे कळतच नाही. ओल्या उतारावर एकदा एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) थरथरलं तेव्हा कळलं.

ॲव्हरेज थोडं कमी, मागे जादा वजन आहेच. कपलिंगचं तेल वेगळं असतं आणि ते बदलावं लागतं, हे मला मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत सापडलं. पुढच्या सर्व्हिसला स्वतः उभा राहून बदलून घेणार आहे.