समुपदेशन मोबाइलवर घ्यावं की धंतोलीत जाऊन?

हे त्यांच्यासाठी लिहितो आहे ज्यांचं स्वतःशी बोलून झालेलं आहे. लैंगिक वागण्यावरचा ताबा सुटला, शपथा घेऊन झाल्या, ॲप काढून पुन्हा टाकून झाले, आणि आता कोणाची तरी मदत घ्यायची हे पक्कं झालं आहे. अडलं आहे ते कोणाकडे आणि कुठे यावर. तीन वर्षांपूर्वी मीही इथेच अडलो होतो. पाच महिने मोबाइलवरून समुपदेशन घेतलं, नंतर धंतोलीत, म्हणजे आमच्या नागपूरच्या दवाखान्यांच्या भागात, प्रत्यक्ष जाऊ लागलो. मधे मेडिकलची, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाची, ओपीडी पाहिली, एका गटाच्या सभांनाही बसलो. एका माणसाचा अनुभव आहे, तेवढंच वजन द्या.

आधी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत या त्रासाला स्वतंत्र जागा आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिथे याला व्यसनांच्या गटात न घालता आवेग आवरता न येण्याच्या विकारांत घातलं आहे. साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ ताबा सुटलेला असावा, घर, नोकरी, तब्येत यांवर परिणाम झालेला असावा, असं त्यात म्हटलं आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे, फक्त पाप वाटतं, लाज वाटते एवढ्यावर हे निदान होत नाही. म्हणून समुपदेशक पहिल्या भेटीत काय विचारतो ते बघा. 'किती वेळा' एवढंच विचारून जो ब्रह्मचर्यावर येतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. मला एका नातेवाइकाने असेच एक गृहस्थ सुचवले होते. पहाटे उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, मन गुंतवा. दोन भेटी दिल्या आणि आधीपेक्षा जास्त अपराधी होऊन परतलो. बसस्टँडच्या भिंतींवर 'गुप्तरोग' लिहिलेलं असतं, तिथेही पैसे घालवले आहेत. वीर्य गेलं की शक्ती जाते ही भीती वेगळी. तिला १९६० मध्ये डॉ. नरेंद्र नाथ विग यांनी 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. ज्याला ती भीती आहे त्यालाही चूर्णाची नव्हे, नीट समजावून सांगणाऱ्या माणसाची गरज असते.

आता मोबाइलवरचं. माझ्या समुपदेशक पुण्याच्या होत्या, मराठीत बोलणाऱ्या, क्लिनिकल सायकॉलॉजीत एमफिल केलेल्या, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या. ही नोंदणी दोन्हीकडे विचारून घ्या, चांगला माणूस रागावत नाही. विद्येत त्या नंतरच्या धंतोलीच्या सरांपेक्षा उजव्याच होत्या, हे मोकळेपणाने सांगायला हवं. कधी ओढ लागते, त्याआधी काय झालेलं असतं, त्या वेळी डोक्यात कोणतं वाक्य फिरतं, हे वहीत लिहायला त्यांनीच शिकवलं. माझं सगळं रात्रीचं होतं. पैसे देऊन चालणारे चॅट, व्हिडिओ, दोन-अडीच वाजेपर्यंत. हे पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं ते त्यांच्यासमोर, आणि ते पडद्यावर होतं म्हणूनच पडलं असेल. समोरासमोर मी तेव्हा बोललो नसतो. पहिला दरवाजा उघडायला मोबाइल बरा, हे मी अजूनही म्हणेन.

पण बसायचं कुठे? आमचं मानेवाड्याचं घर दोन खोल्यांचं. पहिल्याच आठवड्यात आई दाराशी येऊन विचारू लागली, "कोणाशी बोलून राहिला रे इतक्या वेळचा?" मग मी गाडी घेऊन रिंगरोडला जायचो, कडेला लावायचो, काचा वर करून बोलायचो. बरोबर पन्नास मिनिटांनी "भेटू पुढच्या आठवड्यात" म्हणून त्यांचा चेहरा जायचा आणि पडद्यावर तीच ॲपची रांग दिसायची. माझं अडलं ते इथे. तासभर जुनं उकरून काढलेलं, मन सोललेलं, नऊ वाजलेले, गाडीत एकटा, आणि हातात तोच मोबाइल. ज्याच्यापासून सुटायला आलो तो सेशन संपल्यानंतर पहिला सोबती. वही काढून मोजलं तेव्हा पाच महिन्यांत अकरा वेळा घसरलो होतो आणि त्यांतल्या सात वेळा सेशनच्याच रात्री.

त्यांना सांगितलं. त्यांनी मनापासून उपाय केले. वेळ दुपारी घेतली, लॅपटॉप वापरून पाहिला, सेशननंतर पत्नीला फोन करायचा असं ठरवलं. थोडा फरक पडला. पण एक खोड मोबाइलने मला लावली होती आणि ती मी त्यांच्यापासून लपवली. प्रश्न टोचू लागला की "नेट स्लो आहे, कॅमेरा बंद करतो" म्हणायचो. दोनदा तर आवाज येत नाही म्हणून कॉलच तोडला. लपवणं हाच माझा मूळ आजार होता आणि मोबाइलवर लपवणं एका बोटाचं काम.

धंतोलीला जायला मी सर्वांत जास्त ज्या कारणासाठी टाळत होतो ते म्हणजे कोणी पाहील. नागपूर मोठं झालं तरी ओळखी सुटत नाहीत. प्रत्यक्षात झालं असं की तिसऱ्याच भेटीला जिन्यात ऑफिसातले एक जण भेटले. हातात वडिलांचे रिपोर्ट. "काय म्हणता?" "काही नाही, दाखवायला आलो होतो." संपलं. धंतोलीत गल्लीगल्लीत दवाखाने, एका इमारतीत हाडांचे, डोळ्यांचे, पोटाचे डॉक्टर. तिथे दिसलेल्या माणसाला कोणी 'कशासाठी' विचारत नाही. हे आधी कोणी सांगितलं असतं तर माझे काही महिने वाचले असते.

सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मोबाइल डिक्कीत ठेवून या." बाकी पद्धत पुण्याच्या बाईंसारखीच, कदाचित थोडी साधी. गप्प बसायची त्यांची सवय सुरुवातीला अंगावर यायची. पण खोलीत गप्प बसलेल्या माणसासमोर नेट स्लो होत नाही. चौथ्या की पाचव्या भेटीत मी कर्जाची खरी रक्कम सांगितली, जी पत्नीलाही ठाऊक नव्हती.

आणि मग परतीचा रस्ता. जिना उतरायचा, काँग्रेसनगरच्या बाजूने निघायचं, टपरीवर चहा घ्यायचा, ट्रॅफिकमधून मानेवाड्याला पोचायला अर्धा-पाऊण तास. उकरलेलं सगळं त्या वेळात खाली बसायचं. घरी पोचेपर्यंत आईने ताट वाढलेलं असायचं. धंतोलीच्या पहिल्या पाच महिन्यांत मी दोनदा घसरलो, सेशनच्या रात्री एकदाही नाही. औषध, वेळ, पत्नीला सांगून टाकणं, या सगळ्याचा त्यात वाटा असेल, तो मला वेगळा काढता येणार नाही. पण मला विचाराल तर तो रस्ता उपचाराचाच भाग होता.

तोटेही आहेत. फी माझ्या बाबतीत ॲपपेक्षा जास्त पडली. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत बाहेर पडायचं जीवावर येतं आणि मी त्या महिन्यात दोन भेटी चुकवल्या. सर रजेवर गेले की पंधरा दिवस रिकामे.

मेडिकलच्या ओपीडीबद्दल थोडक्यात. खर्च नगण्य आणि मानसोपचारतज्ज्ञ भेटतो, म्हणजे गोळ्या लिहून देऊ शकणारा डॉक्टर, जे समुपदेशक करू शकत नाही. या त्रासाचं असं खास औषध नाही. पण सोबत नैराश्य असेल तर एसएसआरआय गटातली गोळी, काहींना ओढ कमी करायला नालट्रेक्सोन, असं डॉक्टर आपल्या निर्णयाने देतात. मला नैराश्य निघालं, आणि ते निघालं हे बरं झालं. अडचण एवढीच की दर वेळी नवा निवासी डॉक्टर आणि दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. चौथ्यांदा ती सांगताना जीभ जड झाली. छिंदवाडा रोडवरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं. नावाला घाबरून तिकडे पाऊल टाकत नाहीत, पण ओपीडीत गोळी घेऊन त्याच दिवशी घरी जाणारे लोक असतात.

एका बाबतीत मात्र समुपदेशकाच्या आधी डॉक्टरच. झोप लागत नाही तरी थकवा नाही, पैसे उधळणं, बोलणं सुसाट आणि त्यातच हे वागणं सुरू झालं असेल, तर तो बायपोलरचा, म्हणजे मनःस्थिती दोन टोकांना जाणाऱ्या आजाराचा, भाग असू शकतो. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं वागणं पार्किन्सनच्या गोळ्या सुरू झाल्यावर किंवा वाढवल्यावर बदललं असेल, तर रागावू नका. प्रामिपेक्सोलसारख्या, मेंदूतल्या डोपामिनसारखं काम करणाऱ्या गोळ्यांनी काहींना असं होतं हे माहीत असलेलं आहे. गोळ्या स्वतः बंद न करता, ज्यांनी दिल्या त्यांना तातडीने सांगा.

गटांचं थोडं वेगळं आहे. सेक्साहोलिक्स ॲनॉनिमस आणि सेक्स ॲडिक्ट्स ॲनॉनिमस, दोन्ही एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, बारा पायऱ्यांवर चालणारे, फी नाही, ऑनलाइन सभा असतात. फरक जाऊन बसल्याशिवाय कळत नाही म्हणून सांगतो. पहिल्यात सोबर राहण्याची व्याख्या ठरलेली: पती-पत्नीतल्या संबंधाबाहेर काहीही नाही, हस्तमैथुनही नाही. दुसऱ्यात आपली सीमा स्पॉन्सरच्या, म्हणजे गटातल्या जुन्या सोबत्याच्या, मदतीने आपण आखायची. मला दुसरं झेपलं. पहिल्याने कोणाला आधार मिळत असेल तर तेही खरं. गट समुपदेशनाची जागा घेतो असं मला वाटत नाही, पण रात्री साडेदहाला समुपदेशक फोन उचलत नाही, स्पॉन्सर उचलतो. त्यासाठी मी बर्डीच्या बाजारातून एक साधा बटणांचा फोन आणला. रात्री नऊनंतर माझा मोबाइल पत्नीच्या कपाटात आणि हा फोन माझ्या उशाशी.

गुप्ततेची काळजी दोन्हीकडे सारखीच करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने तो तुमचा हक्क आहे. जिवाला धोका असेल तर त्याला अपवाद आहे, आणि लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती पॉक्सो कायद्याने कळवावीच लागते. सरांनी हे पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं आणि त्यामुळे विश्वास वाढला. ॲपवर हेच अटींच्या लांब पानात कुठेतरी होतं.

मग मोबाइल कोणासाठी? गोंदिया-गडचिरोलीकडून दर आठवड्याला नागपूरला येणं ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी, शिफ्टची नोकरी असणाऱ्यांसाठी. ज्या बायकांना हा त्रास आहे त्यांना दवाखान्याच्या पायरीवर दिसण्याची किंमत माझ्याहून जास्त मोजावी लागते, तिथे मी सल्ला देऊ धजत नाही. फक्त सेशन संपलं की मोबाइल दुसऱ्याच्या हाती देऊन वीस मिनिटं पायी फिरून येता येईल अशी सोय आधी करा. घरात तसं माणूस नसेल तर शेजारच्या खोलीत ठेवून चप्पल घाला. आणि एखाद्या रात्री जगणंच नको वाटलं तर ना ॲप, ना वेटिंग लिस्ट: १४४१६ लावा. टेली-मानस या सरकारी मदतसेवेचा हा नंबर २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

नागपुरात राहत असाल, महिन्याचा खर्च कसाबसा बसत असेल आणि तुमचाही त्रास माझ्यासारखा मोबाइलमध्येच असेल, तर मी धंतोलीकडेच बोट दाखवीन. वेळ घ्यायला फोन कराल तेव्हा रिसेप्शनच्या मुलीला कारण सांगावं लागत नाही. मी "झोप लागत नाही" एवढंच म्हटलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. शक्य असेल तर संध्याकाळी साडेसहाची वेळ मागा. बाहेर पडाल तेव्हा रस्त्यावर माणसं असतात, आणि टपरीही उघडी असते.