जनऔषधीच्या गोळ्या, आठ महिने : पैसे वाचले, पण ती कात्री!

जानेवारीत जनऔषधी केंद्राच्या (सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान) काउंटरवर माझं आणि केंद्रवाल्याचं चांगलंच वाजलं, म्हणून लिहायला बसलो. तक्रार औषधाची नाही, कात्रीची आहे.

बीपीची टेल्मिसार्टन ४०, शुगरची मेटफॉर्मिन आणि रात्री कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोर्वास्टॅटिन १०. जुलैपर्यंत नेहमीच्या मेडिकलमधून ब्रँडच्या गोळ्या आणायचो, महिन्याला साडेपाचशे-सहाशे जायचे. आता दीडशेच्या आत भागतं. (२२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तो फरकही हिशेबात धरला आहे. तरी तफावत आहेच.)

आता गंमत बघा. या तिन्ही गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, म्हणजे ब्रँडवरही सरकारी कमाल किंमत लागू आहेच. पण ती निघते कशी? बाजारात एक टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँडच्या भावांची सरासरी, वर दुकानदाराचे १६ टक्के. सगळेच महाग विकत असतील तर सरासरीही महागच येणार. जनऔषधीत भाव आघाडीच्या तीन ब्रँडच्या सरासरीच्या निम्म्याहून वर जाऊ द्यायचा नाही, असा नियम आहे. खिशाला फरक पडला तो या दुसऱ्या नियमाने.

सुरुवातीला बायकोचा विरोध होता. "अहो, दीडशे रुपयांत काय खडूच्या गोळ्या देतात का?" मलाही धाकधूक होतीच. प्रत्येक बॅच प्रयोगशाळेत तपासून मगच येते हे वाचलं होतं, पण वाचून भीती जात नाही. तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) केली, आकडा आधीइतकाच. बीपीच्या वहीतही फरक नाही. तेव्हापासून बायको आपल्या गुडघ्याची गोळीही तिथूनच मागवते.

डॉक्टरांचं प्रकरण थोडक्यात सांगतो. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर दुकानदाराला आपल्या मनाने दुसरी गोळी देता येत नाही. डॉक्टरांनी जेनेरिक नाव (ब्रँडचं नव्हे, औषधाचं मूळ नाव) स्पष्ट अक्षरांत लिहावं असं मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच सांगितलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कौन्सिलच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते सक्तीचं केलं आणि त्याच महिन्यात स्थगितही केलं. त्यामुळे सगळं मागणाऱ्याच्या चिकाटीवर आहे. मी मागितलं, आमच्या डॉक्टरांनी कपाळाला आठी घालून लिहून दिलं.

आता कात्री. टेल्मिसार्टनची पट्टी दहाची. तीन पट्ट्या, तीस गोळ्या. महिना एकतीसचा असला की एक कमी पडते, आणि मी काही एका गोळीसाठी अख्खी पट्टी विकत घेणारा माणूस नाही. केंद्रवाला एक कापून देतो, पैसेही एकीचेच घेतो, ते नियमानेच आहे. पण हातात येतो तो नखाएवढा चौकोन. मागे नावाचं नुसतं शेपूट, बॅच नाही, एक्सपायरी नाही. ऑगस्टमध्ये चालवून घेतलं, ऑक्टोबरमध्ये कुरकुर केली, डिसेंबरमध्ये आवाज चढवला. जानेवारीत म्हटलं, "तारखेच्या बाजूने कापा."

"काका, तारीख तुम्हाला दिली तर उरलेल्या नऊ गोळ्या मी कशा विकू?"

तोंडात उत्तर नव्हतं, म्हणून आणखी पाच मिनिटं भांडलो. मागे चार माणसं उभी होती. घरी येऊन चष्मा लावून बिल पाहिलं, तर बॅच आणि एक्सपायरी दोन्ही छापलेली! सहा महिने मी ती बिलं रद्दीत टाकत होतो. तेव्हा इथवर आलेला माझा सूर थोडा खाली घेतो. दुकानदार चुकीचा नव्हता. तरीही ज्या वस्तूवर तारीख हवी तिच्यावर ती नसावी, हे मला आजही पटलेलं नाही. प्रत्येक गोळीच्या मागे बारीक अक्षरांत छापायला किती शाई लागेल? आता मी बिलाचा तेवढा तुकडा कापून त्या चौकोनाला स्टेपल करतो. हो, कात्रीनेच.

एक सूचना : मधून मधून केंद्रात माल संपलेला असतो. जनऔषधी सुगम अ‍ॅपवर जवळचं दुसरं केंद्र सापडतं, पण निघण्याआधी फोन करा. मी एकदा रिक्षाला साठ रुपये घालून छत्तीस रुपयांच्या गोळ्या आणल्या आहेत. बायको तो हिशेब विसरू देत नाही.

फेब्रुवारीत तीन पट्ट्यांतून दोन गोळ्या उरल्या. एक ३१ मार्चला घेतली. दुसरी पट्टीच्या तारखेच्या टोकाशी शाबूत ठेवली आहे, ती मेसाठी. जुलैला पुन्हा काउंटरवर जावं लागेल.